देवघराच्या कोनाड्यातली बाटली

माणसाच्या कातडीत सुई कशी शिरते, हे मी पंचविसाव्या वर्षी शिकले आणि तेही नवऱ्याच्या मांडीवर. पहिल्या दिवशी हात इतका कापत होता, की सुई आत जायच्या ऐवजी आडवीच घसरली आणि हे ओरडले, "अगं, टोचतेस की भरतकाम करतेस?" मला रडू आलं आणि हसूही आलं. डॉक्टर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, भीत भीत टोचलं तर जास्त दुखतं. एकदाच, सरळ आणि मनापासून." ते मी पुढे तंतोतंत पाळलं.

नवऱ्याला मी आयुष्यभर 'हे'च म्हटलं. इतर बायका 'यजमान' म्हणत; पण आमच्या घरात यजमान म्हणजे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, श्राद्धाला येणारी माणसं. आम्ही तीर्थोपाध्ये. घर पंचवटीत, रामकुंडावर यांची बसायची जागा ठरलेली. सटाणा-नामपूरकडची बरीच गावं आमच्याकडे होती. तिकडचं कुणी अस्थी घेऊन आलं, की आमच्याच ओट्यावर उतरायचं. यांचं सोवळं साऱ्या गल्लीत गाजलेलं. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते म्हणून नळाचं पाणी आमच्या घरात प्यायला चालत नसे, विहिरीचं शेंदून आणावं लागे. शेंदायचं कुणी, ते सांगायला नकोच.

एकोणीसशे तीस उलटून गेल्यानंतरची गोष्ट. आमची मुलगी तेव्हा नुकती चालायच्या वयाला येत होती. यांना तहान लागू लागली. साधी नव्हे, तांब्यावर तांब्या रिकामा व्हायचा आणि पुन्हा घसा कोरडा. धिप्पाड माणूस, पण चार-सहा महिन्यांत बंडी अंगावर लोंबायला लागली. पाठीवर गळवं उठली ती भरेनात. वैद्यांनी कारल्याचा रस दिला, जांभळाच्या बियांची पूड दिली, आणि हे ती पूड घेऊन श्राद्धाच्या पंगतीत लाडवांना बसत. शेवटी एका सकाळी स्नानाहून येताना पायरीवरच खाली बसले, उठवेना. तेव्हा पूल ओलांडून आम्ही मेनरोडच्या डॉक्टरांकडे गेलो. मुंबईत शिकून आलेला तरुण डॉक्टर, आवाज मऊ, चेहऱ्यावर सदा काळजी.

तपासणी झाल्यावर दोघं आत बराच वेळ बोलत बसले. मी मुलीला घेऊन बाहेर बाकावर होते. परत येताना हे म्हणाले, "मधुमेह आहे. मुंबईहून बाटल्या मागवायच्या आणि दिवसातून दोनदा टोचायचं. जन्मभर."

"औषध कशाचं असतं?" मी विचारलं.

"झाडपाल्याचं. मी नीट विचारून घेतलंय."

यांनी विचारून घेतलंय म्हटल्यावर पुढे विचारायची आमच्याकडे रीत नव्हती.

कंपाउंडरने पूजेआधी शिवलेलं यांना चालणार नव्हतं, म्हणून सुई माझ्याकडे आली. डॉक्टरांनी मला महिनाभर शिकवलं. आधी मोसंब्यावर टोचायचं, मग यांच्या मांडीवर. पिचकारी कशी उकळायची, बाटलीचं रबरी बूच कसं पुसायचं, आत बुडबुडा राहिला तर काय करायचं, सगळं. भाकरी तागडीत मोजून वाढायला शिकवलं. लघवी तपासायला शिकवली. काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच आणि विटकरी झालं तर घरात कुणीतरी लाडू खाल्ला आहे. ते शेवटचं मी माझ्या मनाने जोडलं होतं. डॉक्टर खूप हसले होते.

ते समजावायचे फार छान. म्हणायचे, "वहिनी, खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येऊन पेशींच्या दाराशी उभी राहते. दाराला आतून कडी. हे औषध कडी काढतं." सहावी इयत्ता शिकलेली बाई मी. शाळेत मला कुणी इतकं मन लावून शिकवलं नव्हतं. डॉक्टर म्हणजे माझ्या लेखी देवमाणूस.

बाटली थंड जागी ठेवायची, उन्हाळ्यात विशेष जपायची, असं त्यांनी बजावलं होतं. आमच्या घरात सर्वांत थंड जागा म्हणजे देवघर. दगडी भिंत दोन हात जाड, तिच्यात खोल कोनाडा. तिथे बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम. मी बाटली स्वच्छ फडक्यात गुंडाळून अन्नपूर्णेच्या मागे ठेवली. हे पूजेला बसले तेव्हा त्यांच्या नजरेला पडली. हातातली पळी क्षणभर थांबली. मला वाटलं, रागावणार. मी म्हटलं, "औषधच आहे ना, तेही जीव वाचवणारं. असू दे की देवाजवळ." हे म्हणाले, "असू दे." आणि अभिषेक पुढे सुरू झाला. तीन उन्हाळे ती बाटली तिथे होती. तीन उन्हाळे मी बाटलीलाही दोन बोटं लावून नमस्कार करायची, कारण तिनेच माझं कुंकू राखलं होतं.

यांची गळवं भरली, अंग धरलं. पुन्हा रामकुंडावर यांचा खडा आवाज ऐकू येऊ लागला. माझा तोरा काय वर्णावा! डॉक्टरांनी दर रविवारी दवाखान्यात मधुमेहाच्या रोग्यांना एकत्र बसवून शिकवायला सुरुवात केली आणि सुई कशी धरायची हे दाखवायला मला बोलावलं. सोवळ्यातली बाई दवाखान्यात जाऊन चारचौघांत पिचकारी धरते म्हणून गल्लीत कुजबुज झाली. पण यांनीच परवानगी दिली. म्हणाले, "पुण्याचं काम आहे." मी जाऊ लागले. सटाण्याकडची एक म्हातारी नवऱ्यासाठी शिकायला यायची. ती दर वेळी माझा हात धरून विचारायची, "दुखस का वं माय?" मी डॉक्टरांच्याच थाटात सांगायची, भीत भीत टोचलं तर दुखतं.

तिसऱ्या वर्षीच्या एका रविवारी जुन्या नाशकातले एक अत्तराचे व्यापारी पहिल्यांदाच आले. वयस्कर, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांना त्याच आठवड्यात औषध सुरू व्हायचं होतं. मी पिचकारीत औषध भरून दाखवत होते. त्यांनी हात वर केला.

"डॉक्टरसाहेब, माफ करा, पण सरळ विचारतो. हे औषध जनावराच्या पोटातून काढतात असं ऐकलंय. डुकराचं असेल तर मला नाही चालणार. जान गेली तरी बेहत्तर."

मी हसलेच. म्हटलं, "अहो बाबा, झाडपाल्याचं आहे ते."

 डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मग म्हाताऱ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्हाला चालेल असंच आहे. काळजी करू नका."

"पण कशाचं? मला घरी सांगावं लागेल."

"नंतर बोलू आपण."

"नंतर कशाला, साहेब? अंगात घ्यायची चीज आहे. आत्ताच सांगा."

दवाखान्यात सात-आठ माणसं होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "डुकराचंही मिळतं," ते म्हणाले. "पण मी मागवतो ते गुरांचं. विलायतेत खाण्यासाठी गुरं कापतात, त्यांच्या पोटात एक ग्रंथी असते. तिचा अर्क."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "शुक्र है अल्लाह का. मग हरकत नाही."

माझ्या हातात पिचकारी तशीच होती. सुईच्या टोकाशी एक थेंब जमला होता. मी विचारलं, "गुरांचं म्हणजे गाईचं की बैलाचं?"

"तिथे कुणी निवडत बसत नाही, वहिनी."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. "तौबा," तो पुटपुटला. "बहेनजी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला त्या माणसाचा हेवा वाटला, आजही वाटतो. त्याने त्याच्या देवासाठी प्रश्न विचारला आणि त्याला खरं उत्तर मिळालं. तीन वर्षांपूर्वी तोच प्रश्न मी विचारला होता.

लोक गेल्यावर मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "यांना ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "मी गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, याशिवाय किती दिवस? मी म्हटलं, वर्षभर तरी निघेल की नाही शंका आहे. तेव्हा म्हणाले, हिला कळू देऊ नका, हिचा हात चालणार नाही. तशी शपथच घातली त्यांनी मला. वहिनी, रोग्याचं गुपित मी कसं फोडणार?"

"आणि टोचणारी कोण? ती कुणीच नाही?"

ते पिचकारी उचलून धुवायला लागले. देवमाणूस! लघवीचे रंग वाचायला शिकवलं मला, पण माणसांचे रंग माझे मलाच वाचावे लागणार होते.

पुलावरून परत येताना मला वाटलं होतं, त्या बाटलीचीच शिसारी येईल. अन्नपूर्णेच्या मागे मी काय ठेवलं, कुठल्या हातांनी नैवेद्य केला, हेच डोक्यात फिरत राहील. तसं थोडं झालंही. पण पुलाच्या मध्यावर आले आणि मला मुलीचे पाय आठवले, आणि मी कठडा धरून उभी राहिले.

मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी धड चालत नव्हती. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. ह्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुडदूस आहे, माशाच्या तेलाची बाटली देतो, रोज चमचाभर द्या, आत्ताच दिलंत तर पाय सुधारतील. मी ती बाटली पदराखाली घरी आणली. हे अंगणात उभे होते. हातातून घेतली, बूच काढून वास घेतला आणि दाराबाहेरच्या गटारात उपडी केली. "माझ्या घरात मासा येणार नाही," हे गरजले. "पोरीचे पाय वाकडे राहिले तरी चालेल, कुळाचं नाव वाकडं होणार नाही." गल्लीतल्या लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू? मी उंबरा शेणाने सारवला आणि असा निष्ठेचा नवरा मिळाला म्हणून मनातल्या मनात धन्य झाले.

त्या दिवशी सकाळी मी यांना सुई टोचली होती आणि संध्याकाळीही टोचली. तेव्हा औषध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं.

घरी पोचले तेव्हा हे पाटावर बसून पोथीचे कागद लावत होते. संध्याकाळच्या सुईची वेळ होत आली होती. मी पाय धुतले, आत आले आणि म्हटलं, "औषध गाईबैलांचं आहे. आज कळलं."

यांचा हात थांबला. नाकारलं नाही. नाकारलं असतं तर कदाचित मला बरं वाटलं असतं.

"तुला सांगितलं असतं तर तुझा हात चालला असता का?" हे म्हणाले.

"ते तुम्ही मला विचारून बघायचं होतं. तुमचा जीव आणि माझं सोवळं यांत मी काय निवडेन, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. इतकी वर्षं तुमच्याजवळ राहते, एवढीही खात्री नव्हती?"

"जीव वाचवायला शास्त्र मुभा देतं. आपद्धर्म म्हणतात त्याला. मी मनोमन प्रायश्चित्तही घेतलंय."

"मग ती मुभा पोरीला का नाही मिळाली?"

हे पुन्हा पोथीचे कागद लावू लागले. आतल्या खोलीत मुलगी भातुकली मांडून बसली होती, तिच्या बोळक्यांचा आवाज येत होता. मी तिथून हलले नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच यांच्याकडून उत्तर घेतल्याशिवाय मी हलणार नव्हते.

शेवटी हे म्हणाले, "त्या तेलाला वास येतो गं. दोन घरांपलीकडे गेला असता. उद्या श्राद्धाला कुणी बोलावलं असतं मला? आणि सुईचं काय, सुईला वास नसतो."

यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेलं सर्वांत खरं वाक्य ते. त्यात धर्म नव्हता, शास्त्र नव्हतं. माझ्या मुलीचे पाय शेजाऱ्यांच्या नाकापायी वाकडे राहिले होते. मी देवघरात गेले, बाटली काढली, पिचकारी उकळली, औषध भरलं आणि ती यांच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. तुमचं तुम्ही टोचा. ज्याचं गुपित त्याने सांभाळावं."

यांनी पिचकारी उचलली. ह्या माणसाने तीन वर्षांत सुईकडे एकदाही पाहिलं नव्हतं, दर वेळी डोळे मिटून स्तोत्र म्हणायचे. सुई मांडीला टेकवली आणि मागे घेतली, पुन्हा टेकवली. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, भीतीने. सुईची वेळ टळली तर काय होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी वाट पाहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण वाट पाहिली हे कबूल करते. मग पिचकारी घेतली आणि टोचली. एकदाच आणि सरळ. मनापासून मात्र नव्हे. त्यानंतर कधीच नाही.

क्षमा केली म्हणून टोचली असं कुणी समजू नये. सुई अडवून माणूस मारायचा हिशेब माझ्याच्याने जमला नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "माशाच्या तेलाची बाटली द्या." त्यांनी मुलीला टेबलावर बसवलं, गुडघे चाचपले, घोटे चाचपले, उभं करून पाहिलं, चालवून पाहिलं. मग तिला कंपाउंडरकडे गोळी आणायला पाठवलं आणि दार लोटलं.

"तेल द्या, ताकद येईल," ते म्हणाले. "पण वहिनी, हाडं आता धरली आहेत. हिचे पाय सरळ व्हायचे नाहीत. त्या वेळी दिलं असतं तर झाले असते."

"त्या वेळी तुम्ही आमच्या घरी येत होतात," मी म्हटलं. "यांची सुई तुम्हाला ठाऊक होती आणि पोरीचं तेल ओतून दिलेलंही ठाऊक होतं. यांना कोपऱ्यात घेऊन एक शब्द बोलला असतात तर यांची काय बिशाद होती नाही म्हणायची?"

 बाटलीवर मात्रेची चिठ्ठी चिकटवून डॉक्टरांनी ती माझ्या हातात दिली. त्यानंतरच्या रविवारपासून मी दवाखान्यात शिकवायला गेले नाही.

घरी येऊन मी मुलीला आत नेलं नाही. ओट्यावर, गल्लीच्या तोंडावर बसवलं, आणि बूच काढलं. वास पसरला. समोरच्या खिडकीतली बाई आत वळली. हे दारात आले, बाटली बघितली आणि न बोलता परत आत गेले. महिन्याभरात दोन घरची श्राद्धं सुटली. मी मोजतही बसले नाही.

मुलीने पहिला चमचा कसाबसा गिळला आणि तोंड वाकडंतिकडं केलं. मग चिठ्ठी लावलेल्या त्या बाटलीकडे बघून तिने विचारलं, "आई, ह्याने माझे पाय सरळ होतील?"

"होतील हो," मी म्हटलं.

चार वर्षं ती रोज नाक चिमटीत धरून ते तेल प्यायली, एकही दिवस चुकवला नाही. थंडीत तेल गोठायचं, तर स्वतःच बाटली उन्हात नेऊन ठेवायची. शाळेत पोरं 'फेंगडी' म्हणायची, ती म्हणायची, थांबा थोडे दिवस. मग दहाव्या वर्षी एका सकाळी तिने भरलेला चमचा तसाच खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आई, पाय सरळ होणार नव्हते हे तुला ठाऊक होतं ना?"

मी यांच्याकडून उत्तर घेतल्याशिवाय हलले नव्हते. तिने माझ्या उत्तराची वाटसुद्धा पाहिली नाही. दप्तर उचललं आणि तशीच झुलत शाळेला गेली.